शोभेचा साबण घरी करताना

घरी साबण करू पाहणारे वाचक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. कास्टिक न घालता साबण होतो का? गुलाबाच्या पाकळ्या काळ्या का पडल्या? वडीला घाम का सुटतो? साच्यातून काढलेली वडी लगेच वापरली तर चालेल ना? आणि दिवाळी जवळ आली की हमखास येणारा प्रश्न : वीस-पंचवीस वड्या करून विकल्या तर कोणी काही म्हणेल का?

यातला निम्मा गोंधळ एकाच गोष्टीमुळे होतो. ‘घरी साबण करणं’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले जातात. उरलेला निम्मा गोंधळ सजावटीमुळे होतो. साबण शोभेचा असला तरी कोणीतरी तो अंगाला घासणार आहे, हे रंग-पाकळ्या-चमकी निवडताना विसरायला होतं. म्हणून आधी हे दोन मुद्दे पक्के करा. कृती त्यानंतर सोपी आहे.

वितळवायचा की बनवायचा?

पहिल्या प्रकारात तयार सोप बेस आणून तो वितळवतात, रंग-सुगंध घालतात आणि साच्यात ओततात. साबण कारखान्यात आधीच झालेला असतो, तुम्ही त्याला रूप देता. दुसऱ्या प्रकारात तेल आणि कास्टिक सोडा यांपासून साबण तुम्हीच तयार करता. याला कोल्ड प्रोसेस म्हणतात.

कास्टिकशिवाय साबणाची वडी होत नाही. बेस वापरलात तर कास्टिकचं काम कारखान्यात उरकलेलं असतं, एवढाच फरक. नीट मोजून केलेल्या वडीत कास्टिक शिल्लक राहत नाही. तेलाशी संयोग होऊन त्याचा साबण होतो आणि सोबत ग्लिसरीन तयार होतं. त्यामुळे ‘केमिकल-फ्री साबण’ या पाटीवर विश्वास ठेवू नका, आणि आपल्या वडीवर तसं लिहूही नका.

निवड अशी करा :

- घरात लहान मूल किंवा पायात घुटमळणारं मांजर असेल आणि दार लावून काम करायला वेगळी जागा नसेल, तर फक्त बेस.
- पारदर्शक वडी, आत दिसणारं फूल, धारदार नक्षी, रंगांचे स्वच्छ थर हवे असतील, तर बेसच. कोल्ड प्रोसेसची वडी पारदर्शक होत नाही.
- कोणतं तेल किती घालायचं हे स्वतः ठरवायचं असेल, तर कोल्ड प्रोसेस.
- भेट येत्या आठवड्यात द्यायची असेल, तर बेस. कोल्ड प्रोसेसच्या वडीला मुरायला चार ते सहा आठवडे लागतात.

सजावट हाच छंद असेल तर बेसवर समाधानी राहण्यात काहीच कमीपणा नाही. ‘तो खरा साबण नव्हे’ असं नाक मुरडणारे भेटतील. त्यांना मुरडू द्या.

बेस विकत घेताना

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात रसायनांची आणि क्रॉफर्ड मार्केटमध्ये साच्यांची दुकानं आहेत. बाकी सगळं आता ऑनलाइन येतं. कुठूनही घ्या, पण विटेवर चिकटवलेलं लेबल वाचून घ्या. पारदर्शक, पांढरा, शेळीच्या दुधाचा, कोरफडीचा अशी नावं असतात. ती फार मनावर घेऊ नका. घटकांची यादी बघा. कोरफडीच्या बेसमध्ये कोरफड यादीच्या तळाशी असेल, तर ती नावापुरतीच आहे. बऱ्याच स्वस्त बेसमध्ये फेसासाठी एसएलएस किंवा एसएलईएस असतं. कोरड्या त्वचेला ते सोसत नाही.

घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचं नाव-पत्ता मागणं हा तुमचा हक्क आहे. सुटा तुकडा कापून पिशवीत घालून देणाऱ्या दुकानदाराकडेही मूळ खोक्यावरचं लेबल दाखवायला सांगा. माल वर्णनाप्रमाणे नसेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती जपून ठेवा.

वितळवून ओतण्याची रीत

अर्धा किलो बेसमध्ये शंभर ग्रॅमच्या पाच वड्या होतात. सुरुवातीला एवढंच करा.

1. बेसचे बोटभर तुकडे करा. पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यावर दुसऱ्या भांड्यात ते वितळवा. साठ-पासष्ट अंशांच्या वर नेऊ नका. उकळी आली की बेसमधलं पाणी उडतं आणि वडी चिवट होते.
2. हलक्या हाताने ढवळा. जोरात ढवळलं की फेस होतो आणि तो वडीत अडकून बसतो.
3. मायका पावडर पाव चमचा घ्या. ती चमचाभर ग्लिसरीन किंवा स्पिरिटमध्ये आधी कालवा, मग बेसमध्ये घाला. कोरडी टाकलीत तर गुठळ्या होतात.
4. आच बंद करून बेस थोडा निवला की सुगंध घाला. अर्धा किलोला दहा ग्रॅम पुरतो, पंधराच्या वर जाऊ नका.
5. सिलिकॉनच्या साच्यात ओता आणि वर लगेच सर्जिकल स्पिरिटचा फवारा मारा. बुडबुडे फुटतात. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे त्या वेळी जवळ गॅस पेटलेला नको.
6. चार-पाच तास हलवू नका. घाईने फ्रीझरमध्ये ठेवलेली वडी बाहेर काढल्यावर ओली होते.

दोन रंगांचे थर सुटे होतात, अशी तक्रार फार येते. खालचा थर पूर्ण गार आणि घट्ट झाल्यावर वरचा ओतला की असंच होणार. खालच्या थरावर बोट टेकवल्यावर साय धरल्यासारखं लागलं, पण आत तो अजून कोमट असला, की तीच वेळ. काट्याने वरून हलकेच ओरखडे काढा, स्पिरिट फवारा आणि पन्नास-पंचावन्न अंशांवर आलेला दुसरा थर चमच्याच्या पाठीवरून ओता. दुसरा थर जास्त गरम असेल तर पहिला वितळून रंग एकमेकांत मिसळतात.

खसखस किंवा ओटचं पीठ तळाशी बसतं. त्यालाही उपाय हाच : बेस जरा दाटसर होईपर्यंत ढवळत राहा, मगच ओता.

रंग, पाकळ्या, चमकी

सगळ्यात जास्त साबण इथे बिघडतात, म्हणून या भागाला जरा वेळ देऊ.

गुलाबाच्या पाकळ्या साबणात टिकत नाहीत. ताज्या तर नाहीतच. सुकवलेल्याही काही दिवसांत तपकिरी होतात, आणि पांढऱ्या वडीत त्या कशासारख्या दिसतात हे लिहायला नको. जास्वंदाचं तेच. रंग टिकवणारं फूल म्हणजे कॅलेंड्युला. त्याच्या सुकवलेल्या पाकळ्या पिवळ्या-केशरी राहतात. गुलाब हवाच असेल तर वडीवर पाकळी न चिकटवता वेष्टणात ठेवा. दिसायलाही तेच बरं दिसतं.

हळद बेसमध्ये पिवळी राहते, पण उजेडात फिकी पडते, आणि जास्त झाली की टॉवेलला डाग पडतात. कोल्ड प्रोसेसमध्ये कास्टिकशी गाठ पडताच ती लालसर होते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तोच हा प्रकार. वडी वाया गेली असं समजू नका. पुढे तो रंग उतरून केशरी-पिवळ्याकडे येतो. गेरू, मुलतानी माती, कोळशाची पूड हे रंग मात्र दोन्ही पद्धतींत पक्के राहतात. कॉस्मेटिकसाठीची अल्ट्रामरीन निळी पूडही कास्टिकमध्ये टिकते.

खाण्याचे रंग फिकट होतात आणि एका थरातून दुसऱ्यात पसरतात. लाल-पांढऱ्या थरांची वडी महिन्याभरात गुलाबी झाली, तर दोष तिथे शोधा.

हे अजिबात वापरू नका :

- रांगोळी, गुलाल, कपड्यांचे किंवा भिंतीचे रंग.
- हस्तकलेच्या दुकानातली चमकी. तिच्या कडा धारदार असतात आणि ती डोळ्यात जाते.
- अगरबत्ती, मेणबत्ती किंवा रूम फ्रेशनरसाठी विकला जाणारा सुगंध. त्वचेसाठी असलेल्या सुगंधासोबत आयएफआरए या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मानकांचं प्रमाणपत्र असतं आणि त्यात साबणात किती टक्के चालतो ते दिलेलं असतं. ते मागा. अत्तराच्या दुकानातल्या कुपीलाही हाच नियम लावा.
- दालचिनीचं तेल, लवंगेचं तेल. दोन्ही त्वचेला झोंबतात. लवंगेच्या तेलाने कोल्ड प्रोसेसचं मिश्रण भांड्यातच दगडासारखं होतं, ते वेगळंच.
- ताजी कोरफड, कडुलिंबाचा वाटलेला पाला, दूध, फळांचा गर. बेसमध्ये या गोष्टी नासतात किंवा त्यांना बुरशी येते. कडुलिंब हवा असेल तर सुकी, वस्त्रगाळ पूड घ्या. अर्धा किलोला एक चमचा.

व्हॅनिला असलेल्या सुगंधाने पांढरी वडी हळूहळू तपकिरी होते. ती खराब झालेली नसते. तो सुगंध आवडत असेल तर वडीला आधीच चॉकलेटी रंग द्या, म्हणजे प्रश्न मिटला.

आकार निवडताना

पेढा, मोदक, जिलेबी, कपकेक यांसारखे साबण हल्ली फार केले जातात. लहान मुलं ते तोंडात घालतात. युरोपात खाण्याच्या वस्तूंसारख्या दिसणाऱ्या धोकादायक वस्तूंवर बंदी घालणारा नियम १९८७ सालीच झाला, तो याच भीतीने. आपल्या घरापुरता तुम्हीही तो करून टाका, निदान जिथे सहा वर्षांखालचं मूल आहे तिथे भेट देताना. मोदकाच्या साच्यातून काढलेल्या वडीला आंब्याचा सुगंध देणं तर टाळाच.

गणपतीच्या साच्याचंही तसंच, पण कारण वेगळं. भेट मिळालेला गणपती कोणी अंगाला घासणार नाही आणि टाकणारही नाही. तो काचेच्या कपाटात धूळ खात बसेल. फूल, पान, शंख, कोयरी, वारली चित्रांचे ठसे असे कितीतरी आकार आहेत.

घाम आणि साठवण

बेसमधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईत आणि कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडी ठेवलेली वडी रात्रीत थेंबांनी भरते. वडी खराब झालेली नसते, फडक्याने पुसली की झालं. पण शोभा जाते, म्हणून साच्यातून काढल्यावर तासा-दोन तासांत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा. कागदी वेष्टण त्यावरून. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच घाम दुप्पट.

कोल्ड प्रोसेसच्या वडीचं बरोबर उलटं आहे. तिला हवा लागते. तिला प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका.

कोल्ड प्रोसेस करायचंच असेल तर

इथे अंदाजपंचे चालत नाही. वाटी-चमच्याचं मापही नाही. ग्रॅममध्ये दाखवणारा काटा घ्या आणि तेल, पाणी, कास्टिक तिन्ही वजनाने मोजा.

प्रत्येक तेलाला लागणारं कास्टिक वेगळं असतं. एक ग्रॅम तेलामागे साधारण असं : खोबरेल ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा ०.१३६, ऑलिव्ह ०.१३४, तीळ ०.१३३, एरंडेल ०.१२८. पहिल्या घाण्यासाठी १५० ग्रॅम खोबरेल, ३०० ग्रॅम ऑलिव्ह आणि ५० ग्रॅम एरंडेल घ्या. गुणाकार करून बेरीज केली की ७४ ग्रॅम कास्टिक येतं. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि वडी त्वचेला बोचत नाही. राहिलं ७० ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, १४० ग्रॅम. एखादं तेल बदललंत तर सगळा हिशेब पुन्हा करा.

तेलाची बाटली वाचायला विसरू नका. केसांच्या खोबरेलात खनिज तेल मिसळलेलं असेल तर त्या भागाचा साबणच होत नाही. खाण्याचं शुद्ध खोबरेल घ्या. ‘मिश्र खाद्यतेल’ असं लिहिलं असेल तर हिशेब चुकतो. करडई आणि सूर्यफुलाचं तेल लवकर खवट होतं. अशा वडीवर काही महिन्यांत नारिंगी ठिपके उठतात आणि तिला जुन्या तळणाचा वास येतो.

कास्टिक प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या, बाटलीवर शुद्धता लिहिलेलं. मोरी तुंबल्यावर ओततात ती पूड चालत नाही. तिच्यात इतर द्रव्यं मिसळलेली असू शकतात.

कास्टिक हाताळताना या गोष्टी सोडू नका :

- डोळ्यांना बंद गॉगल, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बंद चपला. गॉगल नसेल तर त्या दिवशी काम करू नका.
- भांडी स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनची. ॲल्युमिनियम चालणारच नाही. कास्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. ही भांडी आणि हँड ब्लेंडर स्वयंपाकात परत नेऊ नका.
- नेहमी पाण्यात कास्टिक घाला, थोडं थोडं. कास्टिकवर पाणी ओतलंत तर ते उसळून अंगावर येतं.
- पाणी गारच घ्या. कास्टिक पडताच ते आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि त्याच्या वाफा घशाला लागतात. खिडकीशी उभे राहा.
- त्वचेवर उडालं तर लगेच वाहत्या नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. डोळ्यात गेलं तर डोळा धुणं थांबवू नका आणि कोणालातरी १०८ला फोन करायला सांगा. पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका. थेट रुग्णालय गाठा.

आता कृती. कास्टिकचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास निवू द्या. तेलंही तेवढीच कोमट करा. तेलात कास्टिकचं पाणी ओता. हँड ब्लेंडर थोडा चालवा, थांबवा, पुन्हा चालवा. पळी उचलल्यावर पडणाऱ्या धारेची रेघ मिश्रणावर क्षणभर उमटून राहिली की झालं. याला ट्रेस म्हणतात. लगेच सुगंध घाला, लाटांची नक्षी हवी असेल तर मिश्रणाचे दोन भाग करून रंग द्या आणि साच्यात ओता. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच काढा आणि कापा.

वड्या जाळीवर एकमेकींना न चिकटवता, हवेशीर खोलीत चार ते सहा आठवडे ठेवा. पाणी उडून त्या घट्ट होतात आणि त्वचेला सौम्य लागतात. अनंत चतुर्दशीला ओतलेल्या वड्या बहुतेक वर्षी नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला बरोबर तयार होतात. उटण्याशेजारी ठेवायला याहून चांगला हिशेब नाही.

वर पांढरी भुकटी धरली तर ती सुरीने खरवडा, निरुपद्रवी असते. पण कापलेल्या वडीत टणक पांढरे खडे दिसले किंवा पोकळीतून पाणी झिरपलं, तर तो घाणा टाकून द्या. आत न विरलेलं कास्टिक आहे. किसून, वितळवून वाचवायचा मोह नवख्याने करू नये.

भांड्यांची युक्ती सांगतो : लगेच धुवू नका. मोजे घालून रद्दी पेपरने पुसा, दिवसभर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. दुसऱ्या दिवशी आत साबणच झालेला असतो.

भेट देताना

प्रत्येक वडीसोबत घटकांची चिठ्ठी द्या : कोणतं तेल किंवा बेस, कोणता सुगंध, कोणता रंग, केल्याची तारीख. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या माणसाला तुमची चिठ्ठीच वाचवेल. पहिल्यांदा वापरणाऱ्याला कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून, धुवून, दिवसभर वाट बघायला सांगा. बाळाला घरचा साबण लावू नका.

विकायचा विचार आला तर

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांच्या कक्षेत अंगाचा साबण येतो. विकण्यासाठी तो बनवायचा तर उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. त्यासाठी नियमात बसणारी जागा आणि पात्र तांत्रिक माणूस दाखवावा लागतो. स्वयंपाकघराचा ओटा त्यात बसत नाही.

इथे तीन गैरसमज वारंवार दिसतात. उद्यम नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. खाद्यपदार्थांसाठी काढलेला एफएसएसएआयचा क्रमांक साबणाला लागू होत नाही. आणि ‘बेस तर विकतचा, मी फक्त रंग घातला’ या युक्तिवादावर विसंबून राहू नका. कायद्याची भाषा विक्रीबरोबर वितरणाचीही आहे, त्यामुळे मंडळाच्या हळदीकुंकवाला शेकडो वड्या फुकट वाटण्याआधीही चौकशी करा.

कायदेशीर वाट हवी असेल तर परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत आणि यंत्रांवर आपला माल बनवून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ची सोय नियमांत आहे. लहान प्रमाणावर सुरुवात करणाऱ्याला ती स्वतःचा कारखाना काढण्यापेक्षा झेपण्यासारखी असते. त्यानंतर वेष्टणावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि मुदत हे सगळं छापावं लागतं.

वेष्टणावर ‘मुरूम बरे होतात’, ‘खरूज जाते’, ‘सोरायसिसवर गुणकारी’ असलं काही लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू औषधात मोडते आणि परवानाही औषधाचाच लागतो. प्रदर्शनात स्टॉल लावणार असाल तर तोंडीही असं सांगू नका. गिऱ्हाईक मुरुमांबद्दल विचारेल तेव्हा त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा.